नव्या स्लॅबवर केसाएवढ्या भेगा दिसतायत? या चुका टाळा

स्लॅब टाकून दोन दिवस होत नाहीत तोवर वर बारीक बारीक भेगा दिसायला लागतात, मालकाचा जीव वरखाली होतो आणि कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर ठरलेलं असतं, "काय नाय होत साहेब, हेअरक्रॅक आहेत, सगळ्यांनाच येतात." यातलं अर्धं खरंय, अशा भेगांनी घर पडत नाही. पण पुढे काय होतं, तर एक पोरगा घमेलंभर कोरडं सिमेंट घेऊन वर जातो, भेगांवर भुरभुरतो, पाणी शिंपडून कुंचा फिरवतो आणि भेगा गायब! माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. भेग कुठे आहे, कुठून कुठे जाते, यावरूनच ती का पडली ते कळतं आणि तेच तुम्ही पुसून टाकता, वर सिमेंटचा तो पापुद्रा ऊन लागलं की सुटतो ते वेगळंच.

आधी नीट बघा

सकाळी स्लॅबवर पाणी मारा आणि वरचं पाणी सुकत आलं की बघा. भेगांमध्ये ओल टिकून राहते, त्यामुळे एरवी न दिसणाऱ्या भेगासुद्धा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. तेव्हाच फोटो काढा, प्रत्येक मोठ्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा. रुंदी बघायला साधा झेरॉक्सचा कागद पुरतो, तो साधारण 0.1 मिमी जाड असतो. आपला काँक्रीटचा कोड, आयएस 456, साधारण परिस्थितीत 0.3 मिमीपर्यंतची भेग चालवून घेतो, जिथे सतत ओल असते तिथे 0.2 मिमी. म्हणजे दोन कागद आरामात आत जात असतील आणि वर गच्ची असेल तर दुर्लक्ष करू नका.

एकमेकींना समांतर, तिरक्या, फूट-दोन फूट अंतराने पडलेल्या आणि बहुतेक कडेपर्यंत न पोचणाऱ्या भेगा असतील तर ते ऊन-वाऱ्याचं काम. काँक्रीट ओलं असतानाच वरचं पाणी उडून जातं, खालून तेवढं वर येत नाही आणि पृष्ठभाग आक्रसतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये भर दुपारी स्लॅब भरला की हे हमखास होतं. या भेगा दिसायला किरकोळ पण कधीकधी स्लॅबच्या आरपार गेलेल्या असतात, म्हणून "वरवरच्या आहेत" हे कुणी नुसतं बघून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्लॅबवर छोटे बांध घालून, म्हणजे आळी बांधून, पाणी भरलंय ना, मग सेंट्रिंग (खालच्या प्लेटा-टेकू) खोलल्यावर खालून बघा, ओलीची रेघ किंवा पांढरे क्षार दिसले तर आरपार आहे.

भेगा बरोबर सळयांच्या रेषेत, चौकटी चौकटीने असतील तर काँक्रीट खाली बसलं आणि सळईपाशी अडलं, असं समजा. सळईवरचा काँक्रीटचा थर (कव्हर) कमी किंवा मिश्रण फार पातळ असलं की हे जास्त होतं. इलेक्ट्रिकच्या पाइपवरून सरळ जाणारी भेग असेल तर पाइप फार वर राहिलाय. आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असेल तर मिस्त्रीने पाणी वर आलेलं असताना कोरडं सिमेंट टाकून रंधा घासलाय, ही जाळी वरवरची असते, तिच्यासाठी झोप उडवू नका.

मुळात भेगा पडतात त्या चुका

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटतो, सगळ्यांना जेवण असतं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी मारायला माणूस नसतो. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, आळी बांधल्यावर सुरू करायचं हा समज डोक्यातून काढून टाका. फिनिशिंग झालं, ओली चकाकी गेली की लगेच प्लास्टिक झाका किंवा फवारा मारा, मग थोडं घट्ट झालं की ओलं गोणपाट टाका आणि दुसऱ्या दिवशी आळी. या पहिल्या दोन-तीन तासांत भेग दिसलीच तर काँक्रीट मऊ आहे तोवर परत रंधा दाबून फिरवला की मिटते, नंतर मिटत नाही. कोड साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला किमान 7 दिवस पाणी सांगतो, कडक उन्हात 10, आणि पीपीसीला (राखेसारखे पदार्थ मिसळलेलं पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) किमान 10, शक्यतो 14. बाजारात हल्ली बहुतेक गोणी पीपीसीच्या असतात, त्यामुळे चौदाच धरा.

पाण्याचं तसंच. माल सरकत नाही म्हणून मिक्सरमध्ये बादली ओततात, कोणी मोजत नाही. एम 20 ग्रेडच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या वजनाच्या 0.55 पट पाणी धरलं तर 50 किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर होतं, त्यात वाळूतली ओलपण आली. सरकत नसेल तर प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला, तो काही फार महाग नाही.

टेकू लवकर काढणं ही मात्र हेअरक्रॅकच्या पलीकडची गोष्ट. ओपीसीला साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14, आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला 14 दिवस लागतात, पीपीसी किंवा थंडी असेल तर आणखी. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात म्हणून तो घाई करतो. स्लॅबच्या खालच्या बाजूला मधोमध भेग दिसली, बीमवर तिरकी भेग आली किंवा पेन्सिलच्या खुणेपलीकडे भेग सरकली तर वर विटा-वाळूचे ढीग चढवू नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, मिस्त्रीला नाही.

बुजवताना

वाढ थांबलेली बारीक भेग तारेच्या ब्रशने साफ करून लॅटेक्स मिसळलेल्या सिमेंटच्या स्लरीने भरा, आणि हे वॉटरप्रूफिंगच्या आधी करा, कोबा (गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर) झाल्यावर काही दिसत नाही. आरपार भेगेत पातळ इपॉक्सी इंजेक्शनने भरतात, भेगेतून पाणी गळत असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउट. पण वरच्या मजल्यावर स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात जी आडवी भेग येते ती उन्हाने स्लॅब फुगतो-आक्रसतो म्हणून, तिथे पुट्टी भरली तर दर उन्हाळ्यात परत फुटणार, तिथे लवचिक सीलंटच लागतं आणि गच्चीवर पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट मारला तर हालचालही कमी होते.

फ्लॅट घेतला असेल तर हे स्वतःच्या खिशातून करायच्या आधी थांबा. रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा) कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. तोंडी सांगू नका, तारखेच्या फोटोंसकट ईमेल करा.