स्थानकावर एकटे सापडलेले मूल घरी पोहोचवताना

दादर किंवा कल्याणसारख्या स्थानकावर एकटे, भेदरलेले मूल दिसले, तर त्याच्याभोवती गर्दी जमू न देता शेजारी बसावे, पाणी द्यावे आणि लगेच 1098 या बालमदत क्रमांकावर किंवा रेल्वे सुरक्षा दलाला कळवावे. मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नये. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार सापडलेले मूल प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांच्या संरक्षणाबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातील अधिकृत समितीपुढे, हजर करावे लागते. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण ज्याच्यापासून ते पळाले, त्याच्याच हाती ठावठिकाणा लागू शकतो.

पत्ता विचारण्याची घाई नको. मार, दारुडा बाप, परीक्षेची भीती किंवा कामाचे आमिष यांपैकी कशामुळे घर सुटले, हे मूल विश्वास बसल्यावरच सांगते. तोवर ते खोटे नावही सांगते आणि त्याबद्दल त्याला मुळीच रागावू नये. गावचा बाजार, शाळा, जवळची नदी, बोलीतील शब्द यांवरून घराचा माग लागतो.

आईवडील सापडले म्हणून लगेच ताबा देणे मला धोक्याचे वाटते. समितीने त्यांची ओळख पटवावी, घरची चौकशी करून घ्यावी आणि मुलाचे म्हणणे पालकांच्या गैरहजेरीत ऐकावे. घरी छळ होत असेल, तर बालगृह किंवा विश्वासू नातेवाईक हाच मार्ग उरतो. मूल परतल्यानंतरही कार्यकर्त्याने काही महिने भेटी द्याव्यात, शाळेतील प्रवेश पुन्हा सुरू झाला का, हे पाहावे.