आधी पार्सल बांधा, मग लिस्टिंग टाका : ऑनलाइन लिलावात पोस्टेजचा त्रास कसा कमी करायचा

मागे मी एक जुना पोर्टेबल टाइपरायटर लिलावाला लावला होता. हाताने उचलून बघितला, पाच किलो असेल म्हटलं, त्यावरून पोस्टेजचा आकडा टाकला आणि मोकळी झाले. बोली चांगली लागली, घेणाऱ्याने त्याच रात्री पैसे भरले. मग पॅक करायला बसले. टाइपरायटर म्हणजे नाजूक प्रकरण, वरचा कॅरेज हलू नये म्हणून बांधायचा, चारी बाजूंनी फोम, मग एक बॉक्स आणि तो बॉक्स अजून एका मोठ्या बॉक्समध्ये. कुरिअरच्या काउंटरवर वजनकाट्याने साडेसात किलो दाखवलं, तिथल्या माणसाने टेप लावून लांबी रुंदी उंची मोजली, 50, 45, 30 सेंटीमीटर, आणि बिल लागलं साडेतेरा किलोचं. घेणाऱ्याने पाच किलोचे पैसे भरलेले, आता त्याच्याकडे कुठल्या तोंडाने जास्त मागणार? मागितले नाहीत. साइटची फी आणि कुरिअर वजा जाता हातात जवळजवळ काहीच उरलं नाही, आणि वर त्या माणसाने लिहिलं की पोस्टेज जरा जास्तच होतं. ते वाचून मला खरंच रडू आलं होतं.

तेव्हापासून मी एक नियम धरलाय, आधी पार्सल बांधायचं आणि मगच लिस्टिंग, म्हणजे साइटवरची विक्रीची जाहिरात, टाकायची. सगळे उलटं करतात, विकलं की बघू म्हणतात, पण विकल्यावर बघायला काही उरलेलंच नसतं कारण पोस्टेजचा आकडा तुम्ही आधीच देऊन बसलेले असता.

करायचं कसं ते सांगते. आधी सगळे फोटो काढून घ्या, हवे त्यापेक्षा दहा जास्तच काढा, म्हणजे नंतर कोणी खालची बाजू दाखवा म्हटलं तरी पार्सल उघडायला नको. मग वस्तू पूर्ण पॅक करा, अगदी आतलं चुरगळलेलं कागद-फोम वगैरे सगळं घालून, फक्त वरची शेवटची टेप मारू नका. मग वजन. छोट्या वस्तूला किचनचा डिजिटल काटा बेस्ट, तो साधारण पाच किलोपर्यंत जातो. त्याहून जड असेल तर सामानाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा घ्या. माणसाच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभं राहायचं, मग पार्सल घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची हेही चालतं, पण त्यात शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्यामुळे टप्प्याच्या जवळपास असाल तर त्यावर विसंबू नका. वजन आणि तिन्ही मापं एका चिठ्ठीवर लिहून ती बॉक्सलाच चिकटवा.

टप्पा म्हणजे काय, तर पोस्टाचे आणि कुरिअरचे दर ग्रॅमला ग्रॅम वाढत नाहीत, स्लॅबने वाढतात. समजा वस्तू 940 ग्रॅमची आहे, तुम्ही एक किलोचा दर धरून बसलात. बॉक्स, बबल रॅप आणि टेपचे 180 ग्रॅम झाले की पार्सल 1120 ग्रॅमचं, म्हणजे पुढचा स्लॅब. आधी बांधून बघितलं तर हे तेव्हाच कळतं आणि काहीतरी करता येतं, जाड बॉक्सऐवजी हलका बॉक्स घ्या, न तुटणारी वस्तू असेल तर पाकिटात घाला. अर्थात वस्तू नाजूक असेल तर उरलेल्या 60 ग्रॅममध्ये नीट पॅकिंग होत नाही, तिथे मुकाट्याने वरच्या स्लॅबचा दर लावायचा. पॅकिंगमध्ये चोरी करू नका. फुटलेल्या वस्तूचा रिफंड द्यावा लागला की त्यात तुमचं जायचं पोस्टेज गेलं, यायचं गेलं आणि वस्तूही गेली.

आता माझ्या टाइपरायटरला जे नडलं ते. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, पार्सल गाडीत किंवा विमानात किती जागा खातं तेही बघतात आणि दोन्हीत जे जास्त त्याचे पैसे लावतात. त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, आणि त्याला 5000 ने भागायचं, उत्तर किलोमध्ये येतं. काही सर्व्हिस 6000 ने भागतात, त्यामुळे आपल्या कुरिअरचा आकडा आधी बघून घ्या. माझा हिशोब करून बघा, 50 गुणिले 45 गुणिले 30 म्हणजे 67,500, भागिले 5000, साडेतेरा किलो. काउंटरवरचा माणूस बरोबर होता, चूक माझी होती.

यात आपल्या हातात असतो तो बॉक्स. समजा तुमच्याकडे 40 बाय 30 बाय 20 चा बॉक्स आहे, 24,000 भागिले 5000, म्हणजे 4.8 किलो. पण आत वस्तू 12 सेंटीमीटर उंचीपर्यंतच आली, वरची जागा तुम्ही कागद कोंबून भरताय. असं करू नका. बॉक्सच्या चारी कोपऱ्यांना वरून खाली 12 सेंटीमीटरच्या खुणेपर्यंत चीर द्या, खुणेवर पट्टी धरून कटरच्या बोथट बाजूने रेघ दाबा, भिंती आत दुमडा, जास्तीचा पुठ्ठा कापून टाका. आता 40 बाय 30 बाय 12, म्हणजे 2.88 किलो. पाच मिनिटांचं काम आणि जवळजवळ दोन किलोचे पैसे वाचले! आतली वस्तू नाजूक असेल तर वरही चारपाच सेंटीमीटर पॅडिंग लागतं, ते धरूनच खूण करा.

आणि एकाच सर्व्हिसला चिकटून राहू नका. लॅम्पशेड किंवा सॉफ्ट टॉयसारखी मोठी पण हलकी वस्तू बऱ्याचदा सरकारी पोस्टाने स्वस्त जाते, छोटी आणि जड वस्तू कुरिअरने. पुस्तकांना आणि छापील गोष्टींना काही देशांत वेगळा स्वस्त दर असतो, जसं अमेरिकेत मीडिया मेल आहे, पण त्यात पुस्तकाबरोबर भलतीच वस्तू घालू नका, पोस्टाला असं पार्सल उघडून बघायचा अधिकार आहे हे ध्यानात ठेवा.

आता फीबद्दल, कारण खरी चिडचिड इथे होते. बऱ्याच नवीन विकणाऱ्यांना वाटतं की साइट फक्त बोलीच्या रकमेवर कमिशन घेते. ईबेसारख्या साइटवर कमिशन पोस्टेज धरून एकूण रकमेवर लागतं. अमेरिकेत ईबेने हे 2011 मध्ये सुरू केलं, कारण तोपर्यंत काही विकणारे वस्तूची किंमत नाममात्र ठेवायचे आणि सगळा पैसा पोस्टेजमध्ये टाकायचे, म्हणजे कमिशन चुकायचं. त्यांनी केलं आणि सरळ वागणाऱ्यांनाही ते भरावं लागतं, मला याचा राग येतो, पण नियम आहे तर हिशोबात धरायलाच हवा. समजा कुरिअरचे 100 आणि बॉक्स-टेपचे 10 असा 110 खर्च आहे आणि एकूण कमिशन 13 टक्के आहे, तर 110 लावून भागत नाही, त्यातले 14.30 साइट घेते. 110 ला 0.87 ने भागायचं, येतात साधारण 126.50. एवढे लावले तर तुमचे 110 पूर्ण सुटतात. लोक 110 चे 13 टक्के काढून वर मिळवतात, म्हणजे 124.30, आणि मग जवळजवळ दोन कुठे गेले म्हणून शोधत बसतात. भागाकार करा, बेरीज नको.

मग घेणारा म्हणतो पार्सलवर तिकीट तर 100 चं आहे, तुम्ही 126 का घेतले? बरोबर आहे त्याचं, त्याला बॉक्स आणि कमिशन दिसत नाही, फक्त लेबल दिसतं. म्हणून हे लिस्टिंगमध्येच साध्या शब्दांत लिहून टाका. माझं वाक्य असं असतं, "पोस्टेजमध्ये कुरिअर, नवीन बॉक्स, पॅकिंग आणि या रकमेवर साइट घेते ते कमिशन धरलंय, पार्सलचं पॅकिंगसकट वजन 1.1 किलो आहे." हे वजन लिहायला लागल्यापासून माझ्याकडच्या तक्रारी खूप कमी झाल्या, कारण माणूस स्वतः दर काढून बघू शकतो.

पोस्टेज जास्त ठेवून वस्तू स्वस्त दाखवायचा मोह होतो हे मला कळतं, आणि ते चालतंसुद्धा. तंजीम होसेन आणि जॉन मॉर्गन या दोन अर्थतज्ज्ञांनी ईबेवर सीडी आणि व्हिडिओ गेम विकून हे तपासलं होतं, 2006 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुरुवातीची बोली अगदी कमी आणि पोस्टेज जास्त ठेवलं की एकूण तेवढीच रक्कम असूनही जास्त लोक बोली लावायचे आणि बहुतेकदा पैसेही जास्त मिळायचे, कारण लोक पोस्टेजकडे नीट बघत नाहीत. पण वस्तूच्या मानाने पोस्टेज फारच फुगवलं की सीडीच्या बाबतीत हा फायदा गायब झाला. मी मात्र हे थोडंही करत नाही. एक तर साइटच्या नियमात अवाजवी पोस्टेज बसत नाही. दुसरं म्हणजे ज्याने पार्सल हातात घेऊन लेबल बघितलं त्याला आपण फसलो असं वाटतं, आणि ते वाटणं खरं असतं. ईबेने तर 2007 मध्येच घेणाऱ्याने विकणाऱ्याला रेटिंग देताना शिपिंगच्या पैशांसाठी वेगळे स्टार द्यायची सोय सुरू केली होती.

याच्या उलट टोक म्हणजे फ्री शिपिंग. ठरलेल्या किमतीला विकताना ते ठीक आहे, पोस्टेज किमतीत मिळवायचं आणि झालं. लिलावात मात्र शेवटची बोली किती जाईल हे आपल्याला माहीतच नसतं, तर पोस्टेज मिळवणार कशात? एकच बोली आली आणि तीही सुरुवातीच्या किमतीला, तर तुम्ही वस्तू फुकट देऊन वर पोस्टाचे पैसे भरणार. म्हणून लिलावात फ्री शिपिंग द्यायचंच असेल तर सुरुवातीच्या बोलीतच पोस्टेज, कमिशन आणि वस्तूची कमीत कमी किंमत बसलेली पाहिजे. पोस्टकार्ड, नाणी, स्टॅम्प अशा पाकिटातून जाणाऱ्या गोष्टींना हे जमतं. जड वस्तूंना मी कधीच करत नाही.

सरसकट एक दर ठेवायचा की घेणाऱ्याच्या पिनकोडनुसार साइटला मोजू द्यायचं, यावर लोक वाद घालतात. माझ्या मते अर्ध्या किलोच्या आत एकच दर ठेवा, जवळच्या-लांबच्यात फरक थोडा असतो आणि बघणाऱ्याला आकडा लगेच दिसतो. त्याच्या वर पिनकोडनुसारच ठेवा. सरासरी काढून दर ठेवला तर जवळचा माणूस महाग म्हणून सोडून देतो आणि नेमका सगळ्यात लांबचा जिंकतो. पण या पद्धतीत वजन आणि मापं तुम्हीच भरायची असतात, तेव्हा बॉक्सवरची ती चिठ्ठी बघून भरा.

एकाच माणसाने दोन-तीन वस्तू जिंकल्या तर एकत्र पाठवण्याबद्दल आधीच लिहून ठेवा, आणि हेही लिहा की एकत्र बिल येईपर्यंत पैसे भरू नका. आधी भरले की मग अर्धवट रिफंडची कटकट. दुसऱ्या वस्तूचे फक्त वाढलेल्या वजनाचे पैसे घ्यावेत.

परदेशात पाठवत असाल तर अजून थोडं. पोस्टाने स्मॉल पॅकेट म्हणून साधारण 2 किलोपर्यंत जातं, कस्टम्ससाठी सीएन22 किंवा जास्त किमतीला सीएन23 फॉर्म लागतो. घेणारा गळ घालतो की गिफ्ट लिहा, किंमत कमी लिहा. लिहू नका, ते खोटं डिक्लेरेशन आहे, आणि पार्सल हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते. युरोपियन युनियनने 1 जुलै 2021 पासून 22 युरोच्या आतल्या मालाची व्हॅटची सूट काढली, अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरपर्यंतची ड्युटीची सूट थांबवली, त्यामुळे लहान पार्सललाही आता कर लागू शकतो. तो कोण भरणार हे लिस्टिंगमध्ये स्पष्ट नसेल तर पार्सल दारातून परत येतं आणि दोन्हीकडचं पोस्टेज बुडतं.

शेवटचं, हे कोणी सांगत नाही. पार्सल गेल्यानंतर काही कुरिअर त्यांच्या मशीनवर परत वजन-मापं घेतात आणि आठवड्याने तुमच्या खात्यातून फरक कापतात. एका कुरिअरने माझ्या एका पार्सलची उंची 12 ची 21 लावली होती. तेव्हापासून पार्सल बंद केलं की दोन फोटो काढते, एक काट्यावरचा आकडा दिसेल असा आणि एक टेप लावून तिन्ही मापं दिसतील असा, आणि दोन्हीत लेबल दिसलंच पाहिजे. कापलेले पैसे दिसले की त्याच दिवशी तक्रार टाकते, कारण अशा तक्रारीला मुदत असते. त्या 21 सेंटीमीटरवाल्या वेळी फोटो होते म्हणून पूर्ण रक्कम परत आली.