फ्लॅटहेड व्ही-8 चं हेड मशीनवर चढवताना या चुका टाळा

गिऱ्हाईक हेड बाकावर ठेवायच्या आत सांगतं, "80 थाऊ काढा," म्हणजे हेडच्या सपाट बाजूचा इंचाचा 80 हजारांश माल. कॅलिफोर्नियातल्या आमच्या शॉपमध्ये फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेडबद्दल हे इतक्या वेळा ऐकलंय, की मी आता आधी कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा) कुठला आणि पिस्टन कुठले ते विचारतो. उत्तर आलं नाही, तर हेडं परत देतो.

या इंजिनात व्हॉल्व ब्लॉकमध्ये बसतात, म्हणून हेड म्हणजे नुसतं झाकण असं लोक धरून चालतात. पण व्हॉल्व सिलिंडरच्या शेजारी असतो आणि त्यातून वर आलेली हवा हेडच्या पोटातून आडवी जाऊन सिलिंडरमध्ये उतरते. माल काढाल तसं कॉम्प्रेशन वाढतं आणि हवेची वाटही बुजते. 239 घनइंची इंजिनात एका सिलिंडरचे साधारण 490 सीसी. 6.8 ला 1 कॉम्प्रेशनला पिस्टन सगळ्यात वर असताना उरलेली जागा 84 सीसीच्या आसपास, 7.5 ला 75. म्हणजे सगळा खेळ नऊ सीसीचा. हेड उलटं ठेवा, वर ग्रीस लावून ॲक्रिलिकची पट्टी बसवा आणि ब्युरेटने, म्हणजे मापाच्या काचेच्या नळीने, द्रव सोडून चेंबर मोजा. किती थाऊ काढायचे ते त्यावरून ठरतं.

एक तरुण 1950 च्या फोर्डची बिडाची हेडं घेऊन आला. दुसरीकडून 90 थाऊ काढून आणलेली, कॅम जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व जास्त उचलणारा. आत किती जागा उरते ते क्ले लावून न बघताच त्याने हेडं आवळली आणि सरळ स्टार्टर मारला. आत व्हॉल्वचे चंद्रकोरीसारखे ठसे उठले होते, दोन व्हॉल्व वाकलेले. त्याला शनिवारी गाडी हवी होती, म्हणून व्हॉल्ववरचे खळगे खोल करून द्यायला मी तयार झालो. तिसऱ्या खळग्याला कटर पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरला. हेड ओतताना आतली पोकळी बनवणारा कोअर थोडा सरकला, तर एका बाजूची भिंत पातळच राहते. ते हेड भंगारात गेलं. त्या घाईला मी हो म्हटलं, याचं मला आजही वाईट वाटतं. आता अल्ट्रासॉनिक गेजने भिंत मोजल्याशिवाय मी खळग्याला हात लावत नाही.

क्लेची तपासणी तासाभराची असते. पिस्टनवर आणि व्हॉल्ववर मुलांच्या खेळातल्या क्लेचे गोळे ठेवा, हेडच्या बाजूला तेलाचं बोट फिरवा. गास्केट वापरून दबलेली घ्या, नवी जाड असते आणि माप फसवं येतं. हेड आवळून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, अडलं की थांबा. मग क्ले ब्लेडने कापून व्हर्नियरने मोजा. पिस्टनवर 50 थाऊ आणि व्हॉल्ववर 60, याच्या खाली मी जात नाही.

ॲल्युमिनियमची हेडं धुवायला कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो. रात्रभर बुडवलेलं हेड सकाळी काळं पडून, खड्डे पडून बाहेर आलेलं मी पाहिलंय, आणि त्या काळातलं हेड पुन्हा मिळत नाही.

तडे आधी बघा, फेस (हेडची सपाट बाजू) नंतर मारा. बिडाला मॅग्नाफ्लक्स (चुंबक आणि लोखंडाची पूड), ॲल्युमिनियमला डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग).

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे मिस्त्री हेड सपाट आहे का ते बघायला सरळ पट्टी आणि फिलर (फट मोजायच्या पातळ पात्या) लांबीला, आडवी आणि दोन्ही कर्णांवर लावून घ्यायचे. मी अजून तसंच करतो. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून हेड 'सरळ' करणाऱ्यांनी एकदा ही पट्टी लावून बघावी, खाली उजेड दिसेल.

दोन्ही हेडांना सारखाच कट द्या.

या ब्लॉकमध्ये स्टडची (हेड धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्यांची) बरीच भोकं थेट पाण्यात उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट लावा. मधून बाहेर जात तीन टप्प्यांत आवळा. इंजिन गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा आवळा. ॲल्युमिनियमच्या हेडांना मी हे तीनदा करतो, मधे एकेक रात्र जाऊ देऊन.