दादर ज्वारीच्या कडब्यावर बुरशीजन्य एन्झाइमची फवारणी

ट्रायकोडर्मा, अ‍ॅस्परजिलस बुरशींपासून काढलेली सेल्युलेज व झायलेनेज एन्झाइमं कडब्याचे तंतू सैल करतात. लिग्निन (तंतूंना लाकडासारखं कडक करणारा घटक) मात्र फोडत नाहीत, म्हणून जून झालेल्या, काळवंडलेल्या कडब्यावर खर्च फुकट.

कुट्टी २-३ सेंटिमीटरची करा. १० किलो कुट्टीला दीड लिटर पाणी घ्या. त्यात एन्झाइमच्या पाकिटावरच्या मात्रेइतकीच पावडर विरघळवा, दुप्पट टाकून फायदा दुप्पट होत नाही. पाणी उकळतं नको, एन्झाइम निकामी होतं. झारीने शिंपडत कुट्टी उलटीपालटी करा, २-३ तास सावलीत झाकून ठेवा आणि त्याच दिवशी गव्हाणीत टाका. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात ओली कुट्टी रात्रभर राहिली की बुरशी धरते, आणि ती बुरशी एन्झाइम देणारी नव्हे! पाकीट तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. युरिया प्रक्रियेच्या अल्कधर्मी चाऱ्यावर ही एन्झाइमं नीट चालत नाहीत.