एका फटक्यात सगळे टॅब बंद? या चुका टाळा

चाळीस टॅबची विंडो चुकून बंद झाली म्हणून ते टॅब लगेच पुसले जात नाहीत. उघड्या टॅबची यादी ब्राउझर डिस्कवर लिहीत असतो. फायरफॉक्स तर साधारण दर १५ सेकंदांनी. ही यादी खरोखर हातची जाते ती बहुधा पुढच्या पाच मिनिटांच्या घाईत. म्हणून आधी ती घाई, मग सेटिंग्ज.

घाबरून ब्राउझर पुन्हापुन्हा उघडणे-मिटणे

टॅब गेले की पहिले काम एकच: कंट्रोल-शिफ्ट-टी (मॅकवर कमांड-शिफ्ट-टी). क्रोम आणि मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये बंद झालेली विंडो ही यादीतली एकच नोंद असते, त्यामुळे एकदा दाबले की तिचे सगळे टॅब परत येतात. पूर्ण ब्राउझरच बंद झाला असेल तर तो उघडा, कोणतीही साइट न उघडता हाच शॉर्टकट दाबा. फायरफॉक्समध्ये हिस्टरी मेनूतला ‘रिस्टोअर प्रीव्हियस सेशन’ निवडा.

यातले काहीच चालले नाही तर ‘बघू, परत चालू करून’ हा मोह आवरा. ब्राउझर मागच्या सत्राची (म्हणजे गेल्या वेळी उघड्या असलेल्या विंडो-टॅबची) मोजकीच नोंद ठेवतो आणि प्रत्येक नव्या सुरुवातीला जुनी नोंद मागे सरकते, शेवटी पुसली जाते. फायरफॉक्सच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये (तो तुमची सगळी माहिती ठेवतो ती जागा) ‘सेशनस्टोअर-बॅकअप्स’ नावाचा फोल्डर असतो. आधी त्याची प्रत दुसरीकडे ठेवा. मग फायरफॉक्स बंद करून त्या प्रतीतली ‘प्रीव्हियस’ नावाची फाइल मुख्य प्रोफाइल फोल्डरमध्ये टाका, तिचे नाव ‘सेशनस्टोअर’ करा (इंग्रजीत; टिंबानंतरचा भाग तसाच ठेवा), तिथे त्याच नावाची फाइल असेल तर ती बदला आणि ब्राउझर उघडा. प्रोफाइल फोल्डर कुठे आहे ते अॅड्रेस बारमध्ये ‘अबाउट:सपोर्ट’ इंग्रजीत लिहिले की दिसते.

आणि या गडबडीत हिस्टरी साफ करू नका. बंद टॅबची यादीही तिच्यासोबत जाते.

‘मागच्या वेळचे टॅब उघडा’ लावले आणि निर्धास्त झालात

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑन स्टार्टअप’खाली ‘कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ’ हा पर्याय लावलाच पाहिजे. फायरफॉक्समध्ये जनरल विभागात ‘ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्ज’ आहे. पण खाच इथे आहे: ब्राउझर बंद होताना ज्या विंडो उघड्या होत्या त्याच परत येतात. समजा, एका विंडोत तीस टॅब आहेत आणि कोणत्यातरी लिंकने उघडलेली एक टॅबची छोटी विंडो मागे लपली आहे. तुम्ही मोठी विंडो मिटली, नंतर छोटी दिसली, तीही मिटली. क्रोमच्या लेखी शेवटचे सत्र म्हणजे ती छोटी विंडो. दुसऱ्या दिवशी तीच उघडते आणि तीस टॅब गेले असे वाटते. ते हिस्टरी मेनूतल्या ‘रिसेन्टली क्लोज्ड’मध्ये टॅबच्या संख्येसह एकाच ओळीत सापडतात.

विंडो एकाहून जास्त असतील तर फुली दाबत बसू नका. तीन टिंबांच्या मेनूतून ‘एक्झिट’ करा, म्हणजे सगळ्या विंडो एकाच सत्रात नोंदल्या जातात.

फायरफॉक्समध्ये ‘बंद करताना हिस्टरी साफ करा’ हे चालू असेल तर सत्र परत येत नाही. दोन्ही सेटिंग्ज एकत्र नांदत नाहीत.

इशारा येईलच, असे गृहीत धरणे

विंडोजवरच्या क्रोममध्ये ‘इतके टॅब बंद करायचे का?’ असे विचारणारी सेटिंगच नाही. फायरफॉक्स पूर्वी विचारायचा. २०२१ च्या ९४ व्या आवृत्तीपासून तो इशारा मुळात बंद असतो. सेटिंग्ज, जनरल, टॅब्ज इथे नावात ‘क्लोजिंग मल्टिपल टॅब्ज’ असलेल्या चौकोनात खूण करा. एजमध्येही अशी सोय आहे. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘क्लोज’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की सापडते.

क्रोमसाठी एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे: विंडो बंद होणे थांबवण्याचा अधिकार क्रोम एक्स्टेन्शनला देतच नाही. काही एक्स्टेन्शन एक पान उघडे ठेवतात आणि ‘हे पान सोडायचे का?’ हा प्रश्न त्या पानाकडून विचारवून घेतात. पण त्या पानावर तुम्ही एकदा तरी क्लिक केले असेल तरच तो प्रश्न येतो. दर वेळी आठवणीने क्लिक करावे लागणारा पहारेकरी फारसा कामाचा नाही.

बोटांच्या चुका

कंट्रोल-डब्ल्यूने (मॅकवर कमांड-डब्ल्यूने) एक टॅब बंद होतो, शिफ्ट जोडली की पूर्ण विंडो. मॅकवर तर कमांडसोबत शेजारचे क्यू दाबले की ब्राउझरच जातो. मॅकच्या क्रोममध्ये क्रोम मेनूतला ‘वॉर्न बिफोर क्विटिंग’ चालू करा. मग कमांड-क्यू दाबून धरावे लागते. सफारीसाठी सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, अॅप शॉर्टकट्स इथे ‘क्विट सफारी’ हे मेनूतले नाव जसेच्या तसे इंग्रजीत लिहून वेगळा शॉर्टकट द्या, उदाहरणार्थ कंट्रोल-ऑप्शन-कमांड-क्यू. कमांड-शिफ्ट-क्यू देऊ नका, तो लॉग-आउटचा आहे. कंट्रोल-कमांड-क्यू स्क्रीन लॉक करतो.

सहसा ध्यानात न येणारी चूक म्हणजे नकळत झालेली निवड. शिफ्ट किंवा कंट्रोल दाबलेले असताना टॅबवर क्लिक झाले की अनेक टॅब एकदम निवडले जातात, रंग जरासाच बदलतो. त्यानंतर कंट्रोल-डब्ल्यू दाबले की निवडलेले सगळे जातात. शंका आली तर आधी कोणत्याही एका टॅबवर साधे क्लिक करा, निवड सुटते.

महत्त्वाचे टॅब पिन करा, म्हणजे टॅबपट्टीच्या सुरुवातीला पक्के करा. त्यांच्यावर फुली नसते आणि ‘इतर टॅब बंद करा’ म्हटल्यावरही ते राहतात. मात्र क्रोममध्ये कंट्रोल-डब्ल्यूने पिन केलेला टॅबही बंद होतो. खरोखर हवी असलेली पाने कंट्रोल-शिफ्ट-डीने एकाच बुकमार्क फोल्डरमध्ये टाका. क्रोमच्या इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणाऱ्या) विंडोत काम करत असाल तर हे आधीच करा, तिथे मिटलेला टॅब कोणत्याच शॉर्टकटने परत येत नाही.

आयफोनवर टॅब आपोआप नाहीसे होत असतील तर सफारीच्या सेटिंग्जमधला ‘क्लोज टॅब्ज’ पाहा. तो दिवस, आठवडा किंवा महिन्यावर असेल तर ‘मॅन्युअली’ करा. चुकून बंद झालेले टॅब सफारीच्या टॅब-यादीत अधिकचे चिन्ह दाबून धरले की दिसतात.