विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी समुद्रात उतरण्यापूर्वी

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे लातूर, परभणी किंवा बीडहून सुटीत गणपतीपुळे, हरिहरेश्वर अथवा काशीदला जाणारे बहुतेक जण विहिरीत, शेततळ्यात किंवा गोदावरीच्या पात्रात पोहायला शिकलेले असतात. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही; समुद्रात मात्र खोलीपेक्षा पाण्याची ओढ अधिक घातक ठरते.

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना वाळूच्या उंचवट्यांमधील खोलगट भागातून किंवा खडकांच्या कडेने एकवटते आणि त्याचा अरुंद, वेगवान प्रवाह तयार होतो. यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग साधारणतः सेकंदाला अर्धा मीटर असतो, परंतु लाटा मोठ्या असतील तर तो अडीच मीटरपर्यंत जाऊ शकतो, आणि त्या वेगापुढे ऑलिंपिकमधील जलतरणपटूचाही निभाव लागणार नाही. हा प्रवाह माणसाला तळाशी खेचत नाही, तर किनाऱ्यापासून दूर नेतो; त्याच्याविरुद्ध हातपाय मारून दमल्यामुळे माणूस बुडतो.

पाण्यात उतरण्यापूर्वी थोडा वेळ उंच जागेवरून लाटांकडे पाहावे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एखादा पट्टा शांत आणि गडद दिसत असेल, किंवा फेस व गढूळ पाणी आत जाताना दिसत असेल, तर तेथे उतरू नये. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा मुलांना खेळवण्यासाठी सुरक्षित वाटते.

ओहोटीच्या सुमारास ही ओढ बहुधा वाढते, म्हणून भरती-ओहोटीची वेळ स्थानिक मच्छीमारांना किंवा जीवरक्षकांना विचारावी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. हा केवळ अंदाज आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, पावसाळ्यात किंवा मद्यपान करून पाण्यात उतरूच नये.

प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने पोहण्याचा मोह आवरणे हे सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक काम आहे. प्रथम उताणे होऊन तरंगावे, श्वास स्थिर करावा आणि हात उंचावून मदत मागावी. अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहावे. प्रवाह अरुंद असल्यामुळे बहुधा काही अंतरावर ओढ सुटते, आणि मग लाटा फुटत असतील त्या बाजूने तिरके पोहत परतावे. एका बाजूला पाणी रेटत असेल, तर दुसरी बाजू धरावी. बाहेर पडता येत नसल्यास शक्ती न घालवता तरंगत राहावे, कारण लाटा फुटण्याच्या पट्ट्यापलीकडे प्रवाहाचा जोर सहसा ओसरतो. गोदावरी ओलांडताना आपण धारेशी झुंजत नाही, तिरके पार होतो; ती सवय येथे उपयोगी पडते.

काठावरच्यांनी मात्र सोबतच्या माणसाला बुडताना पाहून मागोमाग उडी घेऊ नये, कारण अशाने एकाऐवजी अनेकांचे प्राण जातात. जीवरक्षकाला हाक मारावी, 112 क्रमांकावर कळवावे, बुडणाऱ्यावरची नजर हटू देऊ नये आणि तरंगणारी वस्तू त्याच्याकडे फेकावी. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसा घट्ट झाकणाचा रिकामा डबा लांब दोरीला बांधून सहलीच्या गाडीत ठेवल्यास तो अशा वेळी हाताशी राहतो.