दुखणं अंगावर काढणाऱ्या सिस्टरांचं मोजमाप: या चुका टाळा

अंगात ताप, कंबर धरलेली, तरी सिस्टर ड्युटीवर हजर. असं दुखणं अंगावर काढत काम करण्याला संशोधनात ‘प्रेझेंटीझम’ म्हणतात. एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधासाठी तो मोजायचा असेल, तर गडबड बहुधा गुणांच्या दिशेपासूनच सुरू होते.

तो मोजणाऱ्या ‘स्टॅनफर्ड प्रेझेंटीझम स्केल’ या प्रश्नावलीची सहा विधानांची आवृत्ती 2002 मध्ये आली. प्रत्येक विधानाला 1 ते 5 गुण, एकूण 6 ते 30. मूळ पद्धतीत जास्त गुण म्हणजे दुखणं असूनही काम नीट पार पडलं. नाव वाचून जास्त गुण म्हणजे जास्त प्रेझेंटीझम असं धरलंत, तर अख्खा निष्कर्ष उलटा होतो. पहिलं, तिसरं आणि चौथं विधान अडचणीबद्दल आहे, म्हणून बेरजेआधी त्यांचे गुण उलटवा: 5 चा 1, 4 चा 2. क्रॉनबॅक अल्फा (विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) फारच कमी किंवा ऋण आला, तर भाषांतराला दोष देण्याआधी हे तपासा.

ही प्रश्नावली काम किती अडलं ते सांगते, सिस्टर किती वेळा आजारी असताना आल्या ते नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न हवा: गेल्या 12 महिन्यांत रजा घ्यायला हवी होती असं वाटूनही किती वेळा ड्युटी केलीत? सोबत आजारपण आणि घेतलेली रजाही विचारा. नाहीतर कधीच आजारी न पडलेली आणि दर वेळी रजा मिळालेली, दोघींचं उत्तर ‘एकदाही नाही’ असंच येतं.

मला सर्वांत जास्त खुपते ती फॉर्म गोळा करण्याची पद्धत. ड्युटी लिस्ट लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टरांच्याच हातात फॉर्म द्यायचा असेल, तर रजा मागूनही मिळाली नाही हे कोण लिहील? बंद पेटी ठेवा. नाव वगळलंत तरी वॉर्ड, वय आणि नोकरीची वर्षं एकत्र विचारली की छोट्या वॉर्डात माणूस लगेच ओळखू येतो. नाईट संपवून घरी निघालेल्या सिस्टरला थांबवून फॉर्म भरून घेऊ नका. ती एका ओळीत टिक करत जाईल. त्या दिवशी रजेवर असलेल्यांनाही नंतर गाठा.

मराठी भाषांतर पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी ताडून पाहा. मग पाच-सहा सिस्टरांसमोर ते मोठ्यानं वाचा. ‘आरोग्यविषयक समस्या’ म्हटलं की बीपी-शुगरच आठवते, पाठदुखी नाही. ती ‘दुखणं’ म्हटल्यावर आठवते.